सेकंडहँड समुद्र

पॅसिफिक महासागर आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे. पार्किंग मिळालं तर फुकट बघता येतो. असं असताना त्यातला साडेचारशे लिटरचा तुकडा दिवाणखान्यात आणून ठेवावा, त्याला चोवीस तास वीज पुरवावी, त्याचं मीठ मोजावं, अंगात ताप किती ते बघावं आणि रात्री उठून पंप चालू आहे ना म्हणून कान द्यावा, हे सरळ डोक्याच्या माणसाला सुचत नाही. पण सॅन डिएगोच्या आसपास अशी माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यांतली काही दर वर्षी शहाणी होतात. ती शहाणी झाली की त्यांच्या टाक्या विकायला निघतात. मग आमच्यासारखे त्या घेतात. म्हणजे वेडेपणाचं एकूण प्रमाण कायम राहतं, फक्त पत्ता बदलतो.

आमची टाकी नौदलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडून आली. जन्म समुद्रावर काढलेला हा माणूस आता ॲरिझोनाच्या वाळवंटात राहायला चालला होता. टाकी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, ॲक्रिलिकची. इथल्या हिशेबाने एकशे वीस गॅलन. खाली कपाटासारखा स्टँड, त्यात सम्प नावाची दुसरी छोटी टाकी, पंप, हीटर, स्किमर, एका पिंपात थोडे दगड आणि एका बादलीत कशाच्या म्हणून सांगता येणार नाहीत अशा वायरी. किंमत इतकी कमी की ऐकून बायकोसुद्धा काही बोलली नाही. चार आण्याची कोंबडी घरात आली होती. बारा आण्याच्या मसाल्याचा विषय यथावकाश निघणारच होता.

ॲक्रिलिक १९३३च्या सुमाराला जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने बाजारात आणलं आणि पुढच्या महायुद्धात ते विमानांच्या खिडक्यांना गेलं. वजन काचेच्या निम्मं, दिसायला तिच्याहून नितळ आणि सहजासहजी न फुटणारं. मोठ्या मत्स्यालयांत माणसांच्या डोक्यावरून शार्क जातात ते याच्याच भरवशावर. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय नूतनीकरणानंतर २०१५ साली उघडलं तेव्हा तिथे जो बोगदा झाला, तोही ॲक्रिलिकचाच. एवढे गुण अंगी असलेल्यांचा स्वभाव बहुधा हळवा असतो, तसा याचाही आहे. काच पुसायच्या निळ्या फवाऱ्यात अमोनिया असतो, तो याला चालत नाही. अल्कोहोल चालत नाही, ॲसिटोन तर नाहीच. केसासारखे बारीक तडे जातात. तारेची घासणी नको, हिरवा स्क्रबर नको. स्पंजात वाळूचा एक कण अडकलेला असला आणि तुम्ही न बघता हात फिरवलात, की त्या हाताचा गोल कायमचा नोंदला जातो. माझं बालपण मालवणात, नारळाच्या शेंडीने आणि राखेने पितळ घासणाऱ्या घरात गेलं. भांडं घासायचं म्हणजे त्याच्याशी दोन हात करायचे, ही आमची घरची समजूत. इथे हाताला विनयाचे धडे द्यावे लागले.

टाकी रिकामी म्हणून विकली होती, पण आतून भरलेलीच होती. भिंतींवर जांभळट-गुलाबी कोरलीन शेवाळाचे चट्टे, पाण्याच्या जुन्या रेघेवर मिठाची आणि चुन्याची पुटं, कोपऱ्यांत नळ्या करून राहिलेल्या किड्यांची पांढरी वेडीवाकडी घरं. मीठ सोडलं तर या सगळ्याच्या मुळाशी चुनाच, कॅल्शियम कार्बोनेट. त्याला साधं व्हिनेगर पुरतं. पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये फडकं भिजवून चट्ट्यावर चिकटवायचं आणि चहा प्यायला जायचं. परत येईपर्यंत बारीक फसफस होऊन चट्टा सैल झालेला असतो. मग मुदत संपलेलं लायब्ररीचं कार्ड तिरकं धरून हळूच पुढे सरकवायचं. कार्डापुढे गुलाबी पापुद्रा गोळा होत जातो, मागे दोन बोटं रुंदीचा स्वच्छ पट्टा उमटतो आणि त्या पट्ट्यातून पलीकडची गॅरेजातली सायकल अचानक दिसायला लागते. हे काम करताना माणूस वेळेचं भान विसरतो. घरच्यांना मात्र चायनीजच्या गाडीशेजारी राहायला आल्यासारखं वाटत होतं, असं त्यांचं म्हणणं.

तळ हा खरा कसोटीचा भाग. ॲक्रिलिकच्या टाकीला वरून पट्ट्यांची चौकट असते, नाहीतर पाण्याच्या दाबाने भिंती फुगतात. त्या चौकटीत हात जाईल एवढी दोन भोकं. तळाशी पोचायचं तर स्टुलावर चढायचं, खांद्यापर्यंत हात आत घालायचा, गाल वरच्या पट्टीला टेकवायचा आणि काही न बघता नुसत्या बोटांनी अंदाज घ्यायचा. मला त्या अवस्थेत पाहून बायकोने दारातूनच विचारलं, “म्हैस अडलीय का?”

मग ओरखडे. सगळे ओरखडे सारखे नसतात, आणि सगळ्यांच्या मागे लागायचंही नसतं. आतल्या बाजूचे बरेचसे पाणी भरलं की दिसेनासे होतात, कारण ॲक्रिलिकमधून पाण्यात शिरताना प्रकाश फारसा वळत नाही. बाहेरचे मात्र हवेतच राहतात आणि कायम दिसतात. आमच्या टाकीच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या कडेने, एकाला एक समांतर अशा लांबलचक रेघा होत्या. उंची तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाताची. दोन रेघांमधलं अंतर सगळीकडे सारखं, म्हणजे खेळण्यातल्या मोटारीची चाकं. कुणीतरी नातू आजोबांच्या समुद्राकाठून गाडी चालवत गेला होता आणि कोपऱ्यावर त्याने चक्क यू-टर्न घेतला होता. ललित लेखकाने खरं तर अशा खुणा जपून ठेवायच्या असतात. मी घासून काढल्या. बाहेरच्या बाजूच्या ओरखड्यांना भावनाप्रधान होणं परवडत नाही.

हे काम वॉटर पेपरचं. फर्निचर पॉलिश करणाऱ्यांना आणि गाड्या रंगवणाऱ्यांना तो ठाऊक असतो. आधी ६०० नंबर, मग ८००, १०००, १५००, २०००, आणि हौस फारच असेल तर पुढे पाच आकडी नंबरांची कापडंसुद्धा मिळतात. सतत पाणी सोडत घासायचं. पहिल्या नंबराला ओरखडा जातो, पण त्याच्याभोवतीची वीतभर जागा दुधाळ होऊन बसते. एका रेघेपायी अख्खी खिडकी गेली, असं वाटून पोटात गोळा येतो. इथे थांबायचं नाही. दुसरा नंबर पहिल्याला आडवा चालवायचा, म्हणजे पहिल्याच्या रेघा पुरत्या पुसल्या की नाही ते कळतं. तिसरा दुसऱ्याला आडवा. धुकं विरळ होत जातं. शेवटी मऊ कापडावर पॉलिश घेऊन गोल गोल फिरवलं की त्या धुक्यातून आपलाच चेहरा वर येतो. मधला एखादा नंबर गाळण्याचा मोह होतो. गाळलेला नंबर पॉलिशच्या वेळी हजर होतो, आणि मग तिथपर्यंत मागे जाऊन पुन्हा सुरुवात. एकाच जागी फार घासलं तर तिथे खळगा होऊन पलीकडचा मासा जाडा-बारीक दिसतो, ही आणखी एक गंमत. म्हणून खोल तेवढे काढायचे आणि बाकीच्यांशी जुळवून घ्यायचं.

जुनी टाकी घेताना विचारायचा खरा प्रश्न किमतीचा नसतोच. “यात कधी तांबं घातलं होतं का?” हा असतो. समुद्री माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठतात, त्या रोगावर तांब्याचं औषध रामबाण आहे. मासे बरे होतात. पण कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना तेच तांबं विष, आणि जुन्या दगडांत नि वाळूत मुरलेलं तांबं नंतर पाण्यात उतरत राहतं. नौदलवाले छातीवर हात ठेवून ‘नाही’ म्हणाले. तरी मी तपासणीचं किट आणून पाहिलंच. ही हकिकत मी व्हिडिओ कॉलवर मालवणला आईला सांगत होतो. तिचा दिवस रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्याने सुरू होतो. तिने एकदा भांड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “माका तर काय्येक झाला नाय,” म्हणाली. म्हटलं, तू प्रवाळ नाहीस. यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

गळतीची परीक्षा लवकर उरकली. ॲक्रिलिकचे जोड सिलिकॉनने चिकटवलेले नसतात. द्रावकाने दोन कडा विरघळवून एकजीव केलेल्या असतात, त्यामुळे जोडात बुडबुडे किंवा पांढरट रेघा नाहीत ना, एवढं बघायचं. टाकी गॅरेजात नळाच्या पाण्याने भरली, खाली वर्तमानपत्र पसरलं, आणि काही दिवस रोज सकाळी बातम्या कोरड्या आहेत ना ते पाहिलं. आत आणल्यावर स्टँड पाणसळीत लावला, वर फोम घातला. हिचा तळ सगळाच्या सगळा टेकलेला लागतो, नुसत्या कडा टेकून भागत नाही. भरल्यावर अर्ध्या टनाच्या घरात जाणारी ही बाई एकदा बसली की उठत नाही, म्हणून जागा आधीच नक्की करावी लागते. त्यासाठी आमच्या घरात जी चर्चा झाली ती इथे देत नाही.

जुन्या सम्पच्या तळाशी पिसासारखं हिरवं शेवाळ वाळून चिकटलं होतं. ते नेमकं कोणतं ते मला ओळखता आलं नाही, पण कॅलिफोर्नियात अशा शेवाळाकडे संशयानेच बघायचं असतं. २००० साली आमच्या उत्तरेला, कार्ल्सबादच्या आग्वा हेडिओंडा खाडीत, कॉलेर्पा टॅक्सिफोलिया नावाचं शेवाळ पसरलेलं सापडलं. त्याआधी भूमध्य समुद्रात त्याने हैदोस घातला होता. तिथे ते १९८४ साली मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाच्या पायथ्याशी पहिल्यांदा दिसलं. कार्ल्सबादला ते कुणीतरी घरची टाकी रिकामी करताना खाडीत सोडलं असावं, असा कयास आहे. मग पाणबुड्यांनी त्याच्यावर ताडपत्र्या अंथरल्या, आत क्लोरीन सोडलं, आणि २००६ साली खाडी मोकळी झाल्याचं जाहीर झालं. एका माणसाच्या साफसफाईची एवढी मोठी साफसफाई. राज्यात ते शेवाळ बाळगायलाच बंदी झाली. मी आमचं शेवाळ, जुनी वाळू, किड्यांच्या नळ्या, सगळं उन्हात कडकडीत वाळवून पिशव्यांत भरून कचऱ्यात दिलं.

लोकांना वाटतं हा मासे आणायचा छंद आहे. माझं मत असं झालंय की हा मुळात काढून टाकायचा छंद आहे. चुना काढा, ओरखडे काढा, तांबं नाही ना बघा, आणि मग पाणी आणा, तर त्या पाण्यातूनही सगळं काढा. इथल्या नळाच्या पाण्यातलं बरंचसं कोलोरॅडो नदीवरून येतं. ते जड असतं, शिवाय जंतू मारायला त्यात क्लोरामाइन. म्हणून ते गाळण्यांच्या रांगेतून न्यायचं, टीडीएसच्या मीटरवर शून्य येईपर्यंत. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं. ते आम्ही कढीपत्त्याला घालतो, आणि कढीपत्ता आजवर इतका कधी माजला नव्हता. असं शून्य पाणी मिळालं की त्यात मीठ घालायचं. लिटरला पस्तीस ग्रॅम धरलं तरी सोळा किलो झालं, आणि हे मीठ विकत आणायचं, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं समुद्राच्या हिशेबात घातलेलं असतं. मीठ जमलं की नाही ते रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या नळीतून एका डोळ्याने उजेडाकडे बघून ठरवायचं, १.०२६ दिसलं की समुद्र झाला. शेजारचा समुद्र बादलीने का आणत नाही, असं सगळे विचारतात. पाऊस पडला की आरोग्य खातंच सांगतं, बहात्तर तास समुद्रात उतरू नका. जिथे माणसाने उतरू नये तिथलं पाणी गोगलगाईला कसं द्यायचं?

दगडांचंही तेच. पिंपातून आलेले दगड स्वच्छ करायला कुणी ‘उकळून घ्या’ म्हणालं तर ऐकू नये. अशा दगडांवर वाढणाऱ्या झोॲन्थिड नावाच्या काही जीवांत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिजहाल विष असतं आणि ते वाफेतून नाकात गेल्यामुळे माणसं इस्पितळात पोचलेली आहेत. मी दगड पाण्यात घालून मुरत ठेवले, बाकी कोरडे दगड विकत आणले. त्यांची रचना करण्यात एक अख्खा रविवार गेला. ती रचना कोसळण्यात किती वेळ गेला ते सांगत नाही.

आता पाणी आहे, दगड आहेत, वाळू आहे, उजेड आहे. मासे नाहीत. कारण मासा घातला की तो अमोनिया सोडतो, आणि तो अमोनिया खाणारे जीवाणू अजून आलेले नाहीत. एक जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सर्गेई विनोग्रॅडस्कीने हे उलगडून दाखवलं. दगडांवर या मंडळींची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर त्यांना खायला अमोनिया हवा. तो बाटलीतही मिळतो. पण जुनी, साधी रीत अशी की पाण्यात एक कच्ची कोळंबी टाकायची आणि कुजू द्यायची. मी मालवणचा. चांगली टपोरी कोळंबी बाजारातून आणून, तिला तिरफळ नाही, सोलं नाही, वाटप नाही, नुसती समुद्राच्या पाण्यात सडत ठेवायची, हे करताना हात थरथरला. आईला सांगितलंच नाही.

या आठवड्यांत घरी येणाऱ्यांची गंमत असते. मराठी मंडळातले लोक येतात, टाकीसमोर उभे राहतात, अदबीने आत बघतात. निळसर उजेड, फिरणारं पाणी, करडे दगड. मग हळूच विचारतात, “मासे कुठेत?” अजून आलेले नाहीत, असं सांगितलं की “असं का” म्हणून पोह्यांकडे वळतात. एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “गेले का?” आवाजात सांत्वन होतं. मी त्यांना कसं सांगू की सकाळीच परीक्षानळीत अमोनियाचा हिरवा रंग उतरून पिवळा झाला होता आणि मी एकटाच स्वयंपाकघरात नाचलो होतो?

त्यानंतर दगडांवर तपकिरी साय धरते. ते डायटम. मग हिरवे केस येतात. आपण इतकं घासून, पुसून, शून्य करून मांडलेलं सगळं पुन्हा गलिच्छ दिसायला लागतं आणि जाणकार सांगतात की आता काही करायचं नाही, बसून राहायचं. कामसू माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. मी स्किमरकडे बघत बसायचो. हे यंत्र पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं, पाण्यातली घाण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर चढते आणि पेल्यात साठते. लाटांचा फेस किनाऱ्यावर जमतो त्यातलंच तत्त्व. पेल्यात साठणाऱ्या काळ्या चहासारख्या द्रवाचा वास एकदा घेतला की पुन्हा घ्यावा लागत नाही. पण तो पेला भरलेला पाहून जे समाधान मिळतं ते मासा पाहून मिळेल का, याची मला शंका होती. काढून टाकण्याची चटक लागली होती.

पहिल्या खऱ्या रहिवासी गोगलगायी, शेवाळ खाणाऱ्या. त्यांतल्या ॲस्ट्रिया जातीच्या उताणं पडल्या की त्यांना सरळ होता येत नाही, तशाच पडून मरतात. निसर्गाने कोट्यवधी वर्षं घेऊन हे काम असं अर्धवट का ठेवलं कोण जाणे. सकाळी चहा ठेवला की लांब चिमटा घेऊन मी फेरी मारतो आणि रात्रीत पडलेल्यांना उभं करतो. बायको म्हणते, इतक्या काळजीने तू कुणाला उठवलं नाहीस कधी.

प्रवाळ त्यानंतर, बोटाच्या पेराएवढे तुकडे, फ्रॅग म्हणतात त्यांना. कुणाच्या तरी टाकीत वाढलेल्याची फांदी तोडून छोट्या चकतीवर चिकटवलेली. मालवणला मी हे करू शकलो नसतो, आणि ते बरंच आहे. २००१ सालापासून भारतात खडकप्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहेत हे मला लहानपणी ठाऊकच नव्हतं. आम्ही किल्ल्यावर होडीने जायचो तेव्हा त्यांच्यावरूनच गेलो असू. आणि विजयदुर्गाच्या समोर, शंभराहून अधिक किलोमीटर आत समुद्रात, बुडालेल्या पठारावर प्रवाळांची अख्खी वसाहत आहे. तिचं नाव आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांवरून पडलेलं. ज्यांच्या नावाने इंग्रजांच्या जहाजांना कापरं भरायचं, त्यांच्या नावावर आज पाण्याखाली इतका नाजूक कारभार चालू आहे.

मग एकदाचे मासे आले. दोन क्लाउनफिश, पैदास केंद्रात जन्मलेले, समुद्र कधीही न पाहिलेले. मुलीने त्यांची नावं बंड्या आणि गुंड्या ठेवली. या जातीत सगळे नर म्हणूनच जन्माला येतात. दोघं एकत्र राहिले की जो थोराड आणि दांडगा, तो पुढे मादी होतो, आणि दुसरा मुकाट नर राहतो. काही आठवड्यांत बंड्या अंगाने भरला आणि गुंड्याला कोपऱ्यात दामटायला लागला. गुंड्या त्याच्यासमोर अंग थरथरवून दाखवायचा. ती शरणागतीची खूण. मुलगी म्हणाली, आता बंड्याचं नाव बदलायला हवं. बायको म्हणाली, काही गरज नाही, लग्नानंतर नाव बदलायची पद्धत आपण पाळत नाही.

कॉलवर हे सगळं आईला दाखवलं. मी नर-मादीचं शास्त्र समजावून सांगायला तोंड उघडलं, तर तिने हाताने थांबवलं आणि चष्मा लावून मिनिटभर पाहिलं. “जो दुसऱ्याक दटावता ती बायल,” म्हणाली. “ह्यात इचारूचा काय?” आणि मग स्क्रीनच्या आणखी जवळ येऊन, “ते खातत काय पण?”